इलेक्ट्रॉनिक्सचा श्रीगणेशा

कोणत्याहि विद्येचा आरंभ कोठून करावा, हा प्रश्न दिसावयास सोपा पण उत्तरावयास अवघड असतो. गाणें शिकणाऱ्यास प्रथम षड्ज लावावयास सांगतात, कुस्ती शिकणाऱ्यास आखाड्याची माती उकरावयास लावतात. तेथें परंपरेनें वाट आंखून ठेवलेली आहे. इलेक्ट्रॉनिक्सची विद्या वयानें अवघी सव्वाशें वर्षांची. तिला घराणें नाहीं, आखाडा नाहीं; आणि तरीहि एवढ्या अवधींत असंख्य मुलांनीं, कारकुनांनीं आणि शाळामास्तरांनीं ती केवळ हौसेखातर, बहुधा स्वतःच्या खिशाला खार लावून, हस्तगत केली. या मंडळींनीं सुरुवात कोठून केली, त्यांचें अडलें कोठें, आणि कोणाची हौस टिकली, हें पाहूं गेल्यास नवशिक्यानें काय करावें याचें उत्तर बरेंचसें हातीं येतें. हा इतिहास अहमदनगर जिल्ह्याच्या बाजूनें पाहणें विशेष सोयीचें आहे. २०२४ सालीं या जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें. पण पुढील हकीकत बहुतांशीं जुन्या नांवाच्या काळांतली आहे. मुंबईच्या हौशी माणसाला जें सहज लाभलें तें घाटापलीकडच्या नगरकराला लाभलें नाहीं, आणि जेथें अडचण असते तेथेंच विद्येचें खरें स्वरूप उघडें पडतें.

या विद्येंतील जुना आणि सर्वांत सोपा धडा म्हणजे स्फटिक-संच. त्याच्या मुळाचा एक धागा हिंदुस्थानांतच सांपडतो. आचार्य जगदीशचंद्र बसु यांनीं १८९५ सालीं कलकत्त्यास बिनतारी लहरींचे प्रयोग जाहीरपणें करून दाखविले. पुढें गॅलेना नांवाच्या शिशाच्या खनिजानें या लहरी टिपण्याच्या युक्तीचें अमेरिकन पेटंट त्यांना १९०४ सालीं मिळालें. १९०६ नंतर, स्फटिकावर बारीक तारेचें टोंक टेकवून चालणारे संच प्रचारांत आले. रचना अगदीं साधी. पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेलें तांब्याच्या तारेचें वेटोळें, छपरावर ताणलेली लांब आकाशतार, जमिनींत पुरलेली भूतार, तो खनिजाचा खडा आणि कानाला लावावयाचें श्रवणयंत्र, एवढ्यावर काम भागे. बॅटरी नको, विजेची जोडणी नको. केंद्रानें आकाशांत उधळलेल्या शक्तीचा जो अत्यल्प अंश तारेंत उतरतो, त्यावरच श्रवणयंत्राचा पडदा हालतो. लहरींमुळें तारेंत उत्पन्न झालेला प्रवाह क्षणोक्षणीं दिशा बदलीत असतो. खडा त्याला एकाच दिशेनें जाऊं देतो. विहिरीच्या पंपाची झडप पाण्याशीं जशी वागते तसाच. त्यामुळें लहरीच्या पाठीवर बसून आलेला आवाज सुटा होतो आणि कानीं पडतो. मात्र खड्याच्या पृष्ठभागावर प्रत्येक ठिकाण सारखें चालत नाहीं. तारेचें टोंक इकडेतिकडे सरकवीत नेमका बिंदु हुडकावा लागतो. कोणी दार आपटलें तरी तो निसटतो, आणि मग पुन्हां पहिल्यापासून शोधाशोध. या शोधाशोधींत शिकाऊ माणसाला दोन गोष्टी फुकट मिळत: बोटांना संयम आणि कानाला लक्ष देण्याची संवय.

मुंबईंत ही हौस लौकर रुजली. १९२१ सालच्या ऑगस्टमध्यें टाइम्स ऑफ इंडिया पत्रानें तारखात्याच्या साहाय्यानें आपल्या कचेरींतून संगीताचा एक कार्यक्रम बिनतारी मार्गानें पाठविला, आणि गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनीं तो पुण्यास बसून ऐकला. १९२३ च्या जूनमध्यें मुंबईच्या रेडिओ क्लबानें ध्वनिक्षेपणास हात घातला. त्याच वर्षीं कलकत्त्याच्या आणि पुढील वर्षीं मद्रासच्या क्लबानेंहि तेंच केलें. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. या देशांत नियमित ध्वनिक्षेपण सुरू झालें तें सरकारानें केलें नाहीं, किंवा प्रथम कोण्या बड्या कंपनीनेंहि केलें नाहीं. हौशी लोकांच्या मंडळांनीं तें केलें. कंपनी मागाहून आली. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचें उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें झालें. वर्षाला दहा रुपये भरून रेडिओचा परवाना काढावयाचा अशी पद्धत होती, आणि १९२९ अखेर साऱ्या हिंदुस्थानांत मिळून असे परवाने होते ७,७७५. कंपनी बुडाली यांत नवल तें काय! १९३० सालीं कारभार सरकारानें हातीं घेतला, आणि १९३६ च्या जूनमध्यें त्याला ऑल इंडिया रेडिओ हें नांव मिळालें.

आतां नगरकडे वळूं. मुंबईच्या त्या केंद्राची शक्ति दीड किलोवॅट होती, आणि त्याचा आवाज खात्रीनें ऐकूं येण्याची मर्यादा सुमारें तीस मैल धरीत. म्हणजे कल्याणच्या थोडें पुढें गेलें कीं संपली. नगर शहर मुंबईपासून सरळ रेषेनें मोजलें तरी सव्वाशें मैलांच्या पलीकडे, आणि मध्यें सह्याद्रि उभा. गिरगांवांतला विद्यार्थी चार-सहा रुपयांच्या साहित्यानें खड्यावर गाणें ऐकूं शके. नगरच्या विद्यार्थ्यानें तोच संच तितक्याच निगुतीनें जुळविला, तरी त्याच्या कानीं काय पडणार? निःशब्द शांतता. त्याला पहिल्याच पायरीवर निर्वात नळीचा, म्हणजे व्हॉल्व्हचा, संच बांधणें भाग होतें. रात्रीं आकाशांतील वरच्या थरांवरून परावर्तित होऊन मध्यम लहरी दूरवर जातात. तेव्हां व्हॉल्व्हनें वाढविलेला आवाज ऐकतां येई, तोहि कधीं मोठा, कधीं विरून जाणारा.

परंतु व्हॉल्व्ह म्हटला कीं खर्च आला. त्याची आंतील तार तापविण्यासाठीं एक बॅटरी, आणि पट्टिकेला देण्यासाठीं शंभराच्या आसपास व्होल्टची दुसरी. पहिली बहुधा तेजाबाची असे. ती उतरली म्हणजे जेथें विजेची सोय असेल तेथें नेऊन भरून आणावी लागे. ज्या गांवीं वीजच पोंचली नव्हती, तेथल्या हौशी माणसानें बॅटरी सायकलला बांधून तालुक्याच्या गांवीं न्यावयाची, तेजाबानें धोतराला भोंकें पाडून घ्यावयाचीं, आणि चार-आठ दिवसांच्या श्रवणासाठीं पुन्हां तीच यात्रा करावयाची. तेव्हां अंतरानें माणसाचा अभ्यासक्रमच बदलून टाकला होता. मुंबईकर ऐकत ऐकत शिकला. घाटावरच्या माणसाला पुष्कळ शिकल्यावरच ऐकावयास मिळालें, आणि ज्यांचा धीर मध्येंच सुटला त्यांची संख्या कोठें नोंदलेली नाहीं.

विलायतेंत व अमेरिकेंत याच सुमारास घरोघरीं संच बांधण्याचें वेड पसरलें होतें. इंग्लंडांत तर घरीं संच बांधणाऱ्यांसाठीं निराळा परवाना असावा कीं काय, यावरून १९२३ सालीं मोठा वाद माजला होता. तिकडची मुलें आईची पाव कापण्याची फळी पळवून तीवर खिळे ठोकीत, व्हॉल्व्ह बसवीत आणि तारा जोडीत. त्या फळीचें इंग्रजी नांव, ब्रेडबोर्ड, आजहि जगभर कायम आहे. फरक इतकाच कीं आतां ती प्लास्टिकची असते आणि तिला नुसतीं भोंकें असतात. आपल्याकडे हा शोध लागता तर तिला पोळपाट म्हटलें असतें! थट्टा सोडली तरी त्या फळीचा गुण खरा होता. सर्व भाग उघडे, डोळ्यांसमोर मांडलेले. कोणता तुकडा कशाला जोडला आहे हें बोट ठेवून दाखवितां येई, एक काढून दुसरा लावून पाहतां येई. सुंदर लांकडी पेटींत बंद झालेल्या विकतच्या रेडिओनें श्रोते पुष्कळ निर्माण केले, परंतु जाणते मात्र या ओबडधोबड फळ्यांवर तयार झाले.

आणि जाणतेपणाला किती किंमत असते हें १९४२ सालीं कळून आलें. त्या वर्षीं ९ ऑगस्टच्या पहांटे मुंबईंत काँग्रेसच्या पुढाऱ्यांना पकडण्यांत आलें, आणि कार्यकारिणीच्या सभासदांना खास आगगाडीनें नगरला आणून तेथील किल्ल्यांत ठेवण्यांत आलें. पंडित नेहरू, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव प्रभृति मंडळी त्यांत होती. अध्यक्ष मौलाना आझाद प्रवासांत आपल्याजवळ एक लहान रेडिओ-संच बाळगीत. इतर सामान त्यांना किल्ल्यांत मिळालें. रेडिओ मात्र अधिकाऱ्यांनीं ठेवून घेतला, आणि सुटका होईपर्यंत तो त्यांच्या दृष्टीस पडला नाहीं, असें त्यांनींच आपल्या आत्मवृत्तांत नमूद केलें आहे. आरंभींचे कांहीं आठवडे वर्तमानपत्रेंहि बंद होतीं. सुमारें साडेतीनशें वर्षांपूर्वीं चांदबिबीनें ज्या नगरच्या तटावर मोगलांशीं झुंज दिली, त्या तटाच्या आंत आतां एका पेटीभर यंत्राला सरकार भीत होतें.

त्याच महिन्यांत मुंबईंत नेमकी उलट गोष्ट घडत होती. उषा मेहता या बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीनें विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाखर प्रभृति सहकाऱ्यांसह गुप्त ध्वनिक्षेपण केंद्र उभारलें. शिकागो रेडिओ या पेढीचे नानक मोटवाने यांचें त्यांना साहाय्य झालें. यंत्र जुळविण्याचें काम नरीमन प्रिंटर या बिनतारीच्या जाणकारानें केलें. २७ ऑगस्ट १९४२ रोजीं काँग्रेस रेडिओचा पहिला आवाज निघाला. लहर होती ४२.३४ मीटरांची. येथें नवशिक्यानें करून पाहण्याजोगा एक हिशेब आहे. लहरी सेकंदाला सुमारें तीस कोटी मीटर धांवतात, त्याला ४२.३४ नें भागलें म्हणजे सेकंदास सुमारें सत्तर लाख ऐंशीं हजार आंदोलनें येतात. हौशी लोकांना शांततेच्या काळांत मोकळा असलेला, चाळीस मीटरांचा म्हणून ओळखला जाणारा जो पट्टा, त्यांतच ही संख्या पडते. १९३९ सालीं युद्ध पेटतांच हौशी प्रक्षेपकांचे परवाने रद्द झाले होते आणि यंत्रें स्वाधीन करण्याचे हुकूम सुटले होते. जो पट्टा सक्तीनें मुका करण्यांत आला, त्याच पट्ट्यांतून सुमारें अडीच महिने बंडाचा आवाज उठावा, हा योगायोग नसावा. हौशी हाताला जें यंत्र परिचित होतें तेंच घाईच्या वेळीं उभें राहिलें असावें, असा तर्क करण्यास पुरेसा आधार आहे.

ठिकाणें सारखीं बदलावीं लागत. चौपाटी, लॅबर्नम रस्ता, सँडहर्स्ट रस्ता, महालक्ष्मी असा फिरता मुक्काम असे. पोलिसांच्या गाड्या दिशादर्शक यंत्रें घेऊन रस्तोरस्तीं हिंडत होत्या. कारण ज्या लहरी श्रोत्याला आवाज पोंचवितात त्याच शोधणाऱ्याला पत्ताहि सांगतात. अखेर १२ नोव्हेंबर रोजीं गिरगांवांतील पारेखवाडींत छापा पडला. पत्ता दाखविला तो लहरींनीं नव्हे. आधीं पकडल्या गेलेल्या प्रिंटरनेंच तो दाखविला. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली, बाबूभाई खाखर यांना पांच वर्षांची. विद्या आणि निष्ठा एकाच माणसांत नांदतातच असें नाहीं, हें खरें. परंतु या मंडळींतील बहुतेकांना यंत्राचें ज्ञान बेताचें होतें, आणि त्यामुळें सारी मोहीम एका जाणत्यावर विसंबून राहिली, ही गोष्टहि तितकीच खरी. आणखी दोघांतिघांना त्या यंत्राची नस ठाऊक असती तर काय झालें असतें, हा प्रश्न मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

स्वातंत्र्याच्या वर्षीं दोन आरंभ झाले. दोहोंचा एकमेकांशीं कांहींहि संबंध नव्हता. नगरास डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनीं अहमदनगर कॉलेज स्थापिलें, आणि डिसेंबर १९४७ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत बार्डीन व ब्रॅटन यांनीं पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखविला. पुढें शॉकली यांच्यासह या तिघांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. तापणारी तार गेली, शंभर व्होल्ट गेले. कांचेच्या नळीचें काम हरभऱ्याएवढ्या तुकड्यावर आलें आणि टॉर्चच्या सेलवर चालूं लागलें. बसूंच्या खड्याचाच हा दूरचा वंशज. नगरच्या हौशी माणसाला खरें स्वातंत्र्य मिळालें तें या तुकड्यामुळें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

तें खेड्यांपर्यंत पोंचावयास मात्र वेळ लागला. पुण्याचें आकाशवाणी केंद्र १९५३ सालीं २ ऑक्टोबरला सुरू झालें, आणि आवाज एकदम जवळ आला. १९५६ च्या पहिल्या कांहीं महिन्यांत युनेस्कोच्या साहाय्यानें एक प्रयोग झाला. पुणें, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतील दीडशें खेड्यांत श्रोतृमंडळें बसवून आठवड्यांतून दोनदां, असे वीस शेतकी कार्यक्रम ऐकविण्यांत आले, आणि ऐकल्यावर गांवकऱ्यांनीं त्यावर चर्चा केली. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीनें पॉल न्यूरथ यांनीं या प्रयोगाचें परीक्षण केलें. पुढें तीच पद्धत देशभर नेण्यांत आली. या प्रयोगाची वर्णनें शेतकीच्या अंगानें पुष्कळ झालीं आहेत. पण खेड्यांत रेडिओ आला म्हणजे त्याच्या पाठोपाठ रेडिओचा बिघाडहि येतो, आणि बिघाड हा गुरु आहे. तालुक्याच्या बाजारपेठेंत जीं दुरुस्तीचीं दुकानें उभीं राहिलीं, त्यांच्या फळीवर शेजारीं बसून डाख देतां देतां शिकलेलीं मुलें हीच या विद्येची पहिली मराठी पाठशाळा. तेथें सूत्रें कोणी शिकवीत नसे. कथलाचा थेंब आरशासारखा चकाकला तर सांधा पक्का, आणि राखेसारखा मंद दिसला तर कच्चा, हें मात्र पहिल्याच दिवशीं कळे.

साहित्य मिळूं लागलें तें यानंतर. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी १९५४ सालीं स्थापन झाली आणि १९६० नंतर तिनें व्हॉल्व्ह व ट्रान्झिस्टर करावयास घेतले. मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता आणि पुण्याच्या बुधवार पेठेंतील तपकीर गल्ली हीं हौशी मंडळींचीं तीर्थक्षेत्रें बनलीं. नगरचा मुलगा पुण्यास कांहीं कामानिमित्त गेला तर परततांना खिशांत कागदाच्या पुडींतून एसएल-१०० आणि चार-दोन डायोड घेऊन येई. १९६९ पासून दिल्लीहून ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ हें इंग्रजी मासिक निघूं लागलें. मराठी शाळेंत शिकलेल्याला त्यांतील गद्य जड जाई, पण आकृतीला भाषा नसते. आणि मंडल-आकृति वाचतां आली कीं निम्में इंग्रजी आपोआप उलगडे.

या पिढीची पहिली कृति बहुधा ठरलेली असे: एलिमिनेटर. ट्रान्झिस्टरचे सेल महाग पडतात म्हणून घरच्या विजेवर रेडिओ चालविण्याची ही पेटी. एक ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, एक मोठें कपॅसिटर. वडील मंडळीहि खुष, कारण खर्च वांचला. तरीहि नवशिक्याच्या हातीं प्रथम हीच वस्तु देणें ही मोठी चूक होती. शिकावयाचें नऊ व्होल्टवर, आणि हात घालावयाचा दोनशें तीस व्होल्टांत! ज्याला एकदां घरच्या विजेचा तडाखा बसला तो बहुधा पुन्हां या वाटेला गेला नाहीं, आणि घरच्यांनींहि त्याला जाऊं दिलें नाहीं. शिवाय एलिमिनेटर चालला तरी तो कांहीं बोलत नाहीं, दाखवीत नाहीं. नुसता गरम होतो.

त्याहून चांगली शाळा गणपतीच्या आराशींत भरे. धांवते दिवे करण्यासाठीं ५५५ आणि ४०१७ या दोन चकत्या गल्लोगल्लीं पाठ झाल्या होत्या. यांपैकीं ५५५ ही हान्स कॅमेन्झिंड या स्विस अभियंत्यानें १९७१ च्या सुमारास अमेरिकेंत आंखली. एक कपॅसिटर रोधकांतून हळूहळू भरतो, दोन-तृतीयांश व्होल्टला पोंचला कीं रिता होऊं लागतो, एक-तृतीयांशाला उतरला कीं पुन्हां भरतो. हा श्वासोच्छ्वास हेंच तिचें काम. १० हजार आणि ६८ हजार ओहमचे रोधक आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला तर दिवा सुमारें सेकंदाला एकदां लुकलुकतो. कपॅसिटर एक मायक्रोफॅरडचा केला तर दसपट वेगानें लुकलुकतो. आकडा बदलावा आणि डोळ्यांदेखत जग बदलावें, याहून चांगला शिक्षक कोणता? शिवाय चतुर्थीची तारीख टळत नसे, आणि गल्ली पाहावयास येणार असे. परीक्षेनें जें साधलें नाहीं तें या धास्तीनें साधलें.

आज नव्यानें आरंभ करणाऱ्यानें या इतिहासांतून उचलावें तें हेंच कीं पहिलें साधन लहान असावें, पण तें पुरें असावें. नऊ व्होल्टची बॅटरी, एक तांबडा एलईडी आणि पिवळा-जांभळा-तपकिरी पट्ट्यांचा रोधक. पिवळा म्हणजे चार, जांभळा सात, आणि तपकिरी म्हणजे पुढें एक शून्य: ४७० ओहम. एलईडी सुमारें दोन व्होल्ट स्वतःकडे ठेवतो. उरलेल्या सातांना ४७० नें भागलें म्हणजे पंधरा मिलिअँपिअर. आधीं हा हिशेब कागदावर करावा, मग साध्या मल्टिमीटरनें मोजावें. दोन्ही आकडे जुळतात त्या क्षणीं ओहमचा नियम पुस्तकांतून उठून हातांत येतो. त्यानंतर ५५५, त्यानंतर एका ट्रान्झिस्टरचा ध्वनिवर्धक, आणि मग डाखकाम. एका वेळीं एकच बदल करावा, आणि वहींत लिहावा. पुढें ज्याला बोलावयाची इच्छा होईल त्यानें भारत सरकारची हौशी प्रक्षेपकाची परीक्षा द्यावी. तिला वयाच्या बाराव्या वर्षापासून बसतां येतें. परवान्यावांचून प्रक्षेपक चालविणें हा आजहि गुन्हाच आहे.

तयार पाट्यांचा प्रश्न निराळा. २००५ सालीं इटलींतील इव्रेआ गांवीं विद्यार्थ्यांसाठीं निघालेली आर्दुइनो नांवाची पाटी आणि तिचीं भावंडें आतां सर्वत्र मिळतात. २०१६ पासून शाळांत निघालेल्या अटल प्रयोगशाळांतूनहि त्या पोंचल्या आहेत. त्यांनीं आरंभ सोपा केला यांत शंका नाहीं. पण पाटीला दिवा जोडून आज्ञावली चढविणाऱ्या मुलाला रोधक कां घातला हें विचारावें. पुष्कळदां उत्तर येतें, चित्रांत होता म्हणून. लांकडी पेटींतील रेडिओचीच ही नवी आवृत्ति. याउलट मार्ग नगरच्या वेशीवरच पाहावयास मिळतो. घोड नदी ओलांडून शिरूर तालुक्यांत गेलें कीं पाबळ लागतें. अमेरिकेंत डॉक्टरेट मिळवून हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागांत काम केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं तेथें विज्ञान आश्रम काढला. शाळा सुटलेल्या खेड्यांतल्या मुलांनीं गांवाच्या गरजेचीं कामें करीत करीत विज्ञान शिकावें, हा त्यांचा आग्रह. काम आधीं, सूत्र मागाहून. २००२ सालीं मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशास्त्र संस्थेशीं संबंधित अशी फॅब लॅब नांवाची कार्यशाळा येथें निघाली. अमेरिकेबाहेरच्या अगदीं पहिल्या अशा कार्यशाळांत तिची गणना होते. तयार पाट्या तेथेंहि आहेत, पण त्या गरजेच्या मागून येतात.

स्फटिक-संचाचें पुढें काय, असें कोणी विचारील. त्याचे दिवस भरत आले आहेत. मध्यम लहरींवरील प्रक्षेपक देशभर एकामागून एक बंद होत आहेत. नगर शहरांत आतां आकाशवाणीचें एफ. एम. केंद्र आहे, स्नेहालय संस्थेचें रेडिओ नगर आहे. पण खड्याच्या साध्या संचाला एफ. एम.ची भाषा नीट उमगत नाहीं. शंभर वर्षांपूर्वीं अंतर आडवें आलें, आतां काळ आडवा आला. म्हणून ज्याला तो बांधावयाचा असेल त्यानें लौकर बांधावा, आणि रात्रीं ऐकावा.

ऐकण्याची हौस मात्र संपत नाहीं. तिचें सर्वांत मोठें रूप याच पट्ट्यांत उभें आहे. नगरहून कल्याणकडे जाणारा रस्ता टाकळी ढोकेश्वर, आणे ओलांडून आळेफाट्यास पोंचतो. तेथून जवळच जुन्नर तालुक्यांत खोडद आहे. डोंगरांनीं वेढलेली, रेडिओच्या गोंगाटापासून दूर अशी जागा शोधून गोविंद स्वरूप यांनीं येथें तीस दुर्बिणींचें जाळें उभें केलें. प्रत्येक थाळीचा व्यास ४५ मीटर, आणि थाळी म्हणजे बारीक पोलादी तारेची ताणलेली जाळी. याच गृहस्थांनीं १९६५ सालीं ऑस्ट्रेलियांतून आलेल्या सहा-सहा फुटी बत्तीस जुन्या थाळ्यांवर कल्याणजवळ आपली पहिली दुर्बीण मांडली होती. दरवर्षीं २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनीं खोडदला दारें उघडतात, आणि थाळ्यांच्या सावलींत शाळांचीं प्रदर्शनें भरतात. टेबलांवर पुठ्ठे, तारा, बॅटऱ्या मांडलेल्या असतात. एखादा दिवा ऐन वेळीं लागत नाहीं, आणि मूल खालीं वांकून एकेक जोडणी चांचपूं लागतें.